व्यावसायिक जागेवरचा कर शेवटी कोणाच्या खिशातून जातो?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही शिक्षिका म्हणून नुकत्याच निवृत्त झालात. पुण्यात बांधकाम सुरू असलेल्या एका व्यापारी इमारतीत ९० लाखांचं छोटं ऑफिस बघितलंय, ताबा दोन वर्षांनी आहे, आणि महिना ५५ हजार भाडं सहज येईल असं बिल्डर सांगतोय. घरात मात्र दोन मतं आहेत. तुमच्या यजमानांचं म्हणणं असं की खरेदीवर जीएसटी, वर मुद्रांक शुल्क, भाड्यावर १८ टक्के, विकताना इंडेक्सेशनही (खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून नफा मोजण्याची सवलत) गेलं, मग आपल्या हातात राहणार काय? तुम्ही विचारताय की एवढे लोक व्यावसायिक जागा घेतात, ते सगळे चुकतात का.

पुण्यात व्यावसायिक जागांच्या खरेदी-विक्रीचं आणि भाड्याच्या करारांचं काम मी बावीस वर्षं करतोय. कराचे दर कोणताही सीए पाच मिनिटांत सांगेल. तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे: यातला कोणता कर पुढच्यावर ढकलता येतो आणि कोणता तुमच्याच गळ्यात राहतो? बिलावर नाव एकाचं असतं आणि भार दुसऱ्यावर पडतो, हे या धंद्यात रोज दिसतं. तुमची पेन्शन किती, कर्ज काढणार की नाही, भाडेकरू कोण मिळेल, हे मला माहीत नाही. त्यामुळे खालचे आकडे हिशेब कसा मांडायचा ते दाखवण्यासाठी आहेत.

आधी खरेदी. स्वतंत्र व्यापारी इमारतीत बांधकाम सुरू असताना जागा घेतली तर प्रत्यक्षात १२ टक्के जीएसटी लागतो. दर १८ टक्के आहे, पण जमिनीपोटी किमतीचा एक तृतीयांश भाग वगळतात. ९० लाखांवर हे झाले १० लाख ८० हजार. पुण्यात मुद्रांक शुल्क स्थानिक अधिभार आणि मेट्रोचा अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ६ लाख ३० हजार. नोंदणी फी ३० हजार. महिलेच्या नावावर एक टक्का सवलत मिळेल असं तुम्ही गृहीत धरलंय, पण ती सवलत घरासाठी आहे, ऑफिस किंवा गाळ्याला ती लागू होत नाही. म्हणजे ९० लाखांची जागा तुम्हाला १ कोटी ७ लाख ४० हजारांना पडते.

५५ हजारांच्या हिशेबाने वर्षाचे ६ लाख ६० हजार. बिल्डर ते ९० लाखांनी भागतो आणि सव्वासात टक्क्यांवर परतावा सांगतो. तुम्ही तुमच्या खर्चाने भागा, ६.१५ टक्के येतात. वर्षातून सरासरी एक महिना जागा रिकामी राहील असं धरा, मालमत्ता कर आणि सोसायटीचा खर्च मिळून ७५ हजार धरा, की आकडा पाचच्या खाली जातो. दोन वर्षं पैसे अडकून एक रुपयाही भाडं येणार नाही, ते यात धरलेलंच नाही.

हीच जागा तयार असती, पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर पहिला पैसा दिला असता, तर जीएसटी शून्य. तेव्हा पहिली गोष्ट ही करा: त्याच भागात तयार ऑफिस काय भावाने मिळतं ते बघा. चालू बांधकामातली जागा तयार जागेपेक्षा निदान १२ टक्के आणि दोन वर्षांच्या व्याजाइतकी स्वस्त नसेल, तर तिच्यात घाई करण्यासारखं काही नाही. अजून एक पर्याय बहुतेकांना ठाऊक नसतो. ज्या निवासी प्रकल्पात व्यावसायिक भाग एकूण कार्पेट क्षेत्रफळाच्या (भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेच्या) १५ टक्क्यांच्या आत असतो, तिथल्या गाळ्यांना १ एप्रिल २०१९ पासूनच्या रचनेत ५ टक्केच जीएसटी लागतो. रस्त्याच्या एका बाजूची इमारत १२ टक्क्यांत आणि समोरची ५ टक्क्यांत, असं प्रत्यक्ष बघायला मिळतं.

भरलेला हा जीएसटी पुढे भाड्यावरच्या जीएसटीतून वळता होईल, असं कोणी सांगितलं तर त्यावर विसंबून राहू नका. स्थावर मालमत्तेच्या बांधकामावरचं क्रेडिट, म्हणजे भरलेला जीएसटी स्वतःच्या देण्यातून वजा करून घेण्याची सोय, कायद्याने अडवलेलं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सफारी रिट्रीट्सच्या प्रकरणात भाड्याने द्यायला बांधलेल्या इमारतींसाठी एक फट उघडली होती. २०२५च्या अर्थसंकल्पात सरकारने कायद्यातला एक शब्द बदलला, तोही जुलै २०१७ पासून लागू होईल असा, आणि फट बुजवली.

मला हे नवीन वाटलं नाही. १ जून २००७ पासून व्यावसायिक भाड्यावर सेवाकर आला, २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला, आणि २०१०च्या अर्थसंकल्पात पूर्वलक्षी दुरुस्ती होऊन तो परत बसला. मधल्या काळात अनेक भाडेकरूंनी सेवाकर देणं थांबवलं होतं. माझ्या एका अशिलाचा भाडेकरू जागा सोडून, डिपॉझिट परत घेऊन गेलाही होता. मग मागच्या बाकीची नोटीस मालकाला आली. आम्ही करार काढून बसलो. चौदा पानी करार, पण भविष्यात एखादा कर आला किंवा मागच्या तारखेने बसला तर तो कोणी भरायचा, याबद्दल एक ओळही नव्हती. ती बाकी त्या गृहस्थांनी स्वतःच्या पैशातून, व्याजासकट भरली. तेव्हापासून ही अट लिहिल्याशिवाय मी एकही करार पुढे जाऊ दिलेला नाही. मालमत्ता कराची वाढ कोणाकडे, हेही त्याच कलमात लिहावं. भाड्याने दिलेल्या बिगरनिवासी जागेची आकारणी महापालिका पुढे बदलते आणि फरकाचं बिल मालकाच्या नावाने येतं.

आता भाड्यावरचे १८ टक्के. यजमानांचा सगळ्यात मोठा आक्षेप यावर आहे आणि सगळ्यात जास्त गैरसमजही इथेच आहे.

समजा ५० हजार भाडं आहे आणि त्यावर ९ हजार जीएसटी. भाडेकरू सॉफ्टवेअर कंपनी, जाहिरात संस्था किंवा नियमित जीएसटी भरणारा कापडाचा दुकानदार असेल, तर तो हे ९ हजार स्वतःच्या करातून वजा करून घेतो. त्याला जागा ५० हजारांनाच पडते. भाडेकरू डॉक्टर असेल, तर वैद्यकीय सेवा करमुक्त असल्यामुळे त्याला क्रेडिट नाही, जागा ५९ हजारांना पडते. ५ टक्के दराने कर भरणाऱ्या हॉटेलवाल्यालाही क्रेडिट नाही. बँका साधारणपणे निम्मं क्रेडिट घेतात, त्यामुळे त्यांच्या हिशेबात ५४,५००. जागा तीच, दरही तोच, पण एकाच्या अंगाला कर लागत नाही आणि दुसऱ्याच्या खिशातून पूर्ण जातो. ज्याला क्रेडिट मिळत नाही, तो ती रक्कम भाड्याच्या घासाघिशीत तुमच्याकडून काढू बघतो.

जीएसटी आल्यावर दुसऱ्याच वर्षी एका रुग्णालयाजवळच्या इमारतीत हे मी जवळून पाहिलं. मालकाची बरीच दुकानं होती, म्हणून जीएसटी नोंदणी होती. एका दंतवैद्यांना जागा फार आवडली होती. पाण्याची लाइन कुठून घ्यायची, खुर्च्या कुठे बसवायच्या, सगळं त्यांनी खडूने जमिनीवर आखून दाखवलं. मालक ६० हजारांवर ठाम. डॉक्टरांनी मोबाइलवर गुणाकार केला आणि स्क्रीन आमच्याकडे फिरवली: ७०,८००. ते म्हणाले, माझ्यासाठी तुमच्या जागेचं भाडं हे आहे. मालकाचं उत्तर, जीएसटी मी घेत नाही, सरकार घेतं. दोघांचंही बरोबर होतं आणि सौदा मोडला. जागा सात महिने रिकामी राहिली, शेवटी ५२ हजारांना दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली. त्या सात महिन्यांत मालकाचे ४ लाख २० हजार बुडाले. ८ हजार कमी घेऊन पहिल्याच दिवशी होकार दिला असता, तर तेवढं नुकसान व्हायला चार वर्षांहून जास्त लागली असती.

तुमची बाजू इथे त्या मालकापेक्षा बरी आहे. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांच्या उलाढालीची आहे. दुसरा व्यवसाय नसेल, तर ६ लाख ६० हजारांच्या भाड्यावर तुम्हाला नोंदणीच लागत नाही. अशा मालकाने नोंदणी नसलेल्या डॉक्टरांना जागा दिली तर जीएसटीचा प्रश्नच येत नाही. म्हणून दवाखाने, छोटे वकील, छोट्या शिकवण्या यांच्यासाठी मोठा मालक छोट्या मालकापेक्षा सरळ १८ टक्क्यांनी महाग पडतो. दर ठरवताना हे लक्षात ठेवा, ही तुमची ताकद आहे.

१० ऑक्टोबर २०२४ पासून यात एक बदल झाला. मालक नोंदणीकृत नसेल आणि भाडेकरू नोंदणीकृत असेल, तर १८ टक्के भाडेकरूने स्वतः सरकारकडे भरायचे, ज्याला रिव्हर्स चार्ज म्हणतात. नियमित भाडेकरू ते भरून क्रेडिट घेतो, त्याचं फारसं बिघडत नाही. कंपोझिशनमधल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरणाऱ्या आणि क्रेडिट न मिळणाऱ्या व्यापाऱ्यांची आरडाओरड झाली आणि त्यांना जानेवारी २०२५ मध्ये यातून वगळलं. ५ टक्केवाले हॉटेल मात्र अडकलेलंच आहे. त्यामुळे भाडेकरू आला की त्याचा धंदा काय हे विचारून थांबू नका; नोंदणी आहे का, कोणत्या प्रकारची, आणि क्रेडिट मिळतं का, हे तिन्ही विचारा.

भाड्यावरच्या आयकराला मी तितका घाबरत नाही. वर्षाच्या ६ लाख ६० हजारांतून तुम्ही भरलेला मालमत्ता कर वजा होतो, उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, एकही पावती न दाखवता. मालमत्ता कर बाजूला ठेवला तरी करपात्र आकडा ४ लाख ६२ हजारांवर येतो. सोसायटीचा मेंटेनन्स वेगळा वजा होत नाही, तो त्या ३० टक्क्यांतच धरलेला आहे. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्यावर येतो. तुमची पेन्शन आणि हे भाडं मिळून त्यात बसत असेल, तर यजमानांची निम्मी काळजी मिटते. भाडेकरू कंपनी असेल तर महिना ५० हजारांच्या वरच्या भाड्यावर १० टक्के टीडीएस, म्हणजे भाडं देतानाच आगाऊ आयकर, कापेल. विवरणपत्र भरलं की त्याचा हिशेब होतो, तो जादा कर नव्हे.

विक्रीचं मात्र यजमान बरोबर बोलतायत. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर इंडेक्सेशनशिवाय १२.५ टक्के कर आहे. त्या तारखेआधी घेतलेल्या जमीन-इमारतीला जुना, इंडेक्सेशनसह २० टक्क्यांचा हिशेब निवडता येतो. तुम्ही आता घेणार, म्हणजे तो पर्याय तुम्हाला नाही. याचा अर्थ आकड्यांत बघा. एक कोटीची जागा, दहा वर्षं, महागाई ५ टक्के. जागेचा भाव फक्त महागाईइतका वाढून १ कोटी ६३ लाख झाला, तर जुन्या पद्धतीत कर शून्य आला असता. आता ६३ लाखांवर जवळपास ७ लाख ९० हजार. पण जागा ३ कोटींना गेली तर जुना कर २७ लाख ४० हजार आणि नवा २५ लाख. माझ्या हिशेबाने भाव वर्षाला १० टक्क्यांच्या थोडा वर वाढला तरच नवी पद्धत फायद्याची ठरते.

आणि ऑफिसचा भाव तसा वाढत नाही, निदान माझ्या पाहण्यात नाही. ऑफिस म्हातारं होतं. लिफ्ट, पार्किंग, काचा सगळं दहा वर्षांत जुनं दिसायला लागतं आणि शेजारी नवी इमारत उभी राहते. रस्त्यालगतच्या तळमजल्याच्या गाळ्याचं वेगळं, तिथे जमिनीचा वाटा जास्त असतो. म्हणून इंडेक्सेशन गेल्याचा फटका सगळ्यांत जास्त छोट्या ऑफिसवाल्याला बसला, असं माझं स्पष्ट मत आहे. विक्रीनंतर सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंत ठरावीक रोख्यांत नफा गुंतवून कर वाचवण्याची सोय अजून आहे, पण त्यात पैसे पाच वर्षं अडकतात.

विक्रीला आणि खरेदीलाही लागू असलेली आणखी एक गोष्ट म्हणजे रेडी रेकनर. सरकारी दरतक्त्यात दुकान, ऑफिस, निवासी यांचे दर वेगवेगळे असतात आणि मंदीत बाजारभाव तक्त्याच्या खाली जातो. समजा सौदा ८० लाखांना झाला आणि सरकारी मूल्य १ कोटी आहे. मुद्रांक शुल्क १ कोटीवर. विकणाऱ्याचा नफा १ कोटी धरून मोजला जातो. आणि घेणाऱ्याला? फरक १० टक्क्यांपेक्षा जास्त असल्याने वरचे २० लाख त्याचं उत्पन्न समजून त्यावर कर लागतो. ‘स्वस्तात मिळतंय’ म्हणून खूश होऊन आलेल्या लोकांना हे सांगताना मला दर वेळी वाईट वाटतं. टोकन देण्याआधी त्या सर्व्हे नंबरचा ऑफिसचा दर काढून बघा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर तो फुकट दिसतो.

करांपेक्षाही जास्त उलथापालथ वापराच्या नियमांनी होते. माझ्या ओळखीच्या एकांनी आयटी इमारतीत ऑफिस घेतलं, आसपासच्या दरापेक्षा बरंच कमी. वाढीव एफएसआय (भूखंडावर किती बांधता येतं त्याची मर्यादा) घेऊन बांधलेल्या अशा इमारतीत बहुतांश जागा आयटी आणि त्याच्याशी जोडलेल्या सेवांनाच देता येते. त्यांच्याकडे शिकवणीवाले आले, विमा एजंट आले, एक कर सल्लागार वर्षभराचं भाडं आगाऊ द्यायला तयार होते. कोणालाच देता आलं नाही. जागा स्वस्त का होती, याचं उत्तर मंजुरीच्या कागदातच होतं.

मोठ्या आवाक्यात बघायचं तर एसईझेड, म्हणजे निर्यातीसाठी करसवलती दिलेली विशेष आर्थिक क्षेत्रं, घ्या. ३१ मार्च २०२० नंतर सुरू होणाऱ्या नव्या युनिटना आयकराची सूट बंद झाली आणि त्या इमारतींची ओढ कमी झाली. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने मजल्यांनुसार भाग एसईझेडबाहेर काढायला परवानगी दिली, आणि रिकामे मजले साध्या भाडेकरूंसाठी खुले होऊ लागले. तुमच्या छोट्या ऑफिसचा भाडेकरू तिथे थेट जाणार नाही. पण मोठ्या जागा उपलब्ध झाल्या की मधल्या कंपन्या तिकडे सरकतात, आणि त्यांनी सोडलेल्या जागा तुमच्या गटात येतात.

कर कमी झाला म्हणजे घेणाऱ्याचा फायदा झाला, असंही नेहमी होत नाही. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये राज्याने मुद्रांक शुल्क ५ टक्क्यांवरून २ टक्के केलं. त्याआधीच्या उन्हाळ्यात जे विकणारे भावात चार-पाच टक्के सोडायला तयार होते, त्यांनी सवलत जाहीर होताच हात आखडले. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लोक शुल्क भरायला धावत होते, आणि कित्येकांची वाचलेली रक्कम किमतीतच जिरली होती.

राहिला व्याजदर. मे २०२२ च्या सुरुवातीला ४ टक्के असलेला रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर गेला, २०२५ मध्ये पुन्हा खाली आला. ठेवीचं व्याज तुमच्या पाच टक्क्यांच्या भाड्यापेक्षा जास्त असेल, तर त्या जागेचा पुढचा खरेदीदारही तेच बघणार. व्यावसायिक भाड्यात सहभाग हवाच असेल आणि जागेचा व्याप नको असेल, तर शेअर बाजारात नोंदलेले रीट आहेत, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या इमारतींत गुंतवणारे ट्रस्ट. नियम २०१४चे, पहिलं एम्बसी रीट २०१९ मध्ये नोंदलं गेलं, आणि वाटपयोग्य रोख रकमेतले निदान ९० टक्के त्यांना वाटावेच लागतात. त्यातही भाव खालीवर होतो, पण नऊ लाख घालून बघता येतं, नव्वद लाख एकाच दारामागे ठेवावे लागत नाहीत.

तुमच्या जागी मी हे ऑफिस या भावाने घेणार नाही. त्याच पैशांत तयार, रस्त्यालगतचा, छोटा गाळा किंवा दवाखान्याला चालेल अशी जागा शोधेन, कारण नोंदणी नसलेली मालकीण म्हणून तुम्हाला तिथे खरा फायदा आहे. बिल्डरकडून मात्र एक गोष्ट लेखी मागून घ्या: तो सांगतो ते ५५ हजार जीएसटीसह की जीएसटी वेगळा, आणि त्या इमारतीत किंवा शेजारी आज कोणता भाडेकरू ते प्रत्यक्ष देतोय. उत्तर आलं की कळवा, पुढचा हिशेब त्यावर मांडून देतो.